डाव्या हाताचा घास

या ग्रुपवरचे अनुभव मी नेहमी वाचते. पिंपळाखालची बाई, बंद खोलीतले पैंजण, वगैरे वगैरे... वाचते आणि हसते. भूतखेत, करणी, अंगात येणं, यातलं काही म्हणता काही मी कधी मानलं नाही. गावात नवरात्रात कुणाच्या अंगात आलं की मी मुद्दाम पुढे जाऊन बसायचे आणि बाई घुमता घुमता पदर सांभाळते का ते बघायचे. (सगळ्या सांभाळतात.) तेव्हा 'ताई, तुम्ही मुळातच श्रद्धाळू असाल' अशी कमेंट खाली टाकू नका. माझं डोकं फिरतं.

आणखी एक. हे मी बोलून लिहितेय. मी सांगते, मोबाईल टाइप करतो. पण त्याला आमची बोली कळत नाही, 'मले' म्हटलं की 'मेले' लिहितो. म्हणून पुस्तकातल्यासारखं बोलावं लागतंय, आणि त्याचाही मला राग आहे. लोकांची बोलणी तेवढी नंतर एका बोटानं नीट केली. कोणत्या हाताच्या बोटानं, ते पुढे येईलच.

आमचं गाव चिखलीहून देऊळगाव राजाकडे जाताना मेन रोड सोडून आत. नाव देत नाही. बीटी कपाशीचं बी तयार करायचे प्लॉट आमच्या भागात होते. बीटी सगळ्यांना माहीत आहे... पाकिटावरचा हिरवागार फोटो, पेपरातल्या बातम्या, टीव्हीवरच्या चर्चा. पण पाकिटातलं बी येतं कुठून, हे कुणी विचारत नाही. ते बायकांच्या नखांतून येतं. दुपारी कपाशीच्या ओळीत शिरायचं, उद्या उमलणार अशी कळी ओळखायची, तिच्या बुडाशी अंगठ्याचं नख रुतवायचं आणि मनगट फिरवून पाकळ्या आणि आतलं पुंकेसर एका झटक्यात सोलून काढायचं. मधली काडी मोडली की कळी वाया. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचं फूल त्या काडीवर घासायचं. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. मी बारावी पास आहे, पण हंगामात क्रॉसिंगला जायचे. आमच्या घरात माझ्या नखांइतकं काम कुणाचंच चालत नव्हतं.

शाहीन माझ्यासमोर असायची. समोर म्हणजे खरोखर समोर. ती डावखुरी. उजव्या हाताच्या बायका ओळीच्या एका अंगानं सरकतात, तिला ते जमायचं नाही, कोपर कोपराला लागायचं. म्हणून ती ओळीच्या पलीकडच्या बाजूनं चालायची आणि मी अलीकडून. मधे कमरेएवढी कपाशी आणि दोन्हीकडून दोघींची तोंडं चालू. कळी सोलली की पाकळ्या सगळ्या जणी खाली टाकतात. ही मात्र बोटानं टिचकी मारून माझ्या तोंडावर उडवायची. दर कळीला! घरी गेले की केसांतून पिवळ्या पाकळ्या निघायच्या. मी शिव्या घालायचे आणि ती आणखी उडवायची.

एका हंगामात प्लॉटवरून परत येताना ट्रॅक्टरची ट्रॉली नाल्याच्या वळणावर पलटली. ड्रायव्हर मोबाईलवर बोलत होता. हे मी पाहिलंय, आणि कुठेही, कुणाच्याही तोंडावर सांगते. शाहीन जागीच गेली. माझी मान गेली. दवाखान्यात त्या प्लॉटचा ऑर्गनायझर, म्हणजे कंपनीसाठी प्लॉट आणि बाया जमवणारा माणूस, सफरचंदं घेऊन आला आणि माझ्या उशाशी उभा राहून माझ्या नवऱ्याला म्हणाला, "बाया ट्रॉलीत उभ्या होत्या म्हनतात. जरा सांभाळून बसाले नोको काय?" माझ्या मानेला पट्टा होता, नाहीतर थुंकलेच असते.

डॉक्टर म्हणाले, मणक्याच्या आतल्या दोरीला मधोमध मार बसलाय. अशा माणसाचे पाय लवकर येतात, हात मागे राहतात. तसंच झालं. काही महिन्यांत मी चालायला लागले. दंड, कोपर थोडे हलायला लागले. पंजे मात्र मेलेले. गावातल्या बायका येऊन म्हणायच्या, "चालून राह्यली न, नशीब समज." कुणाला हात नसले म्हणजे काय होतं ते या नशीबवाल्यांना सांगायला पाहिजे. नाकावरची माशी हाकलता येत नाही. साडी दुसऱ्यानं नेसवायची. आणि जेवण...

जेवण हाच सगळ्यात मोठा अपमान. नवरा भरवायचा. माणूस वाईट नाही, पण त्याचं लक्ष टीव्हीत. आधीचा घास गिळला नाही तोवर पुढचा दाराशी हजर. पोळीचा तुकडा एवढा मोठा की ठसका लागायचा. नको म्हटलं की, "अवो खा न, मले वावरात जा लागते." मला हातपाय धुवायला बाई चालली असती, कपडे घालायला सासू चालली असती. फक्त एक घास, एकच, माझ्या हातानं माझ्या तोंडात गेला पाहिजे, एवढंच माझं मागणं होतं. घरी उजव्या हाताला पट्ट्यानं चमचा बांधून पाहिला. हात असा थरथरला की वरण सगळं मांडीवर.

आणि खरं सांगू का, त्या काळात मला सगळ्यात जास्त राग कुणाचा यायचा? शाहीनचा. त्या दिवशी मी म्हटलं होतं, पायी जाऊ. ती म्हणाली, "चल न, माहे पाय तुटून राह्यले." बसलो ट्रॉलीत. ती सुटली आणि मी घास मागत बसले. तिच्या मातीला मी दवाखान्यात होते, नवऱ्याला पाठवलं; नंतरही तिच्या घरी मी गेले नाही. मेलेल्या माणसाला शिव्या देऊ नये म्हणतात. मी दिल्या.

पुढे चिखलीच्या एका दवाखान्यात कुठल्याशा संस्थेनं हाताच्या व्यायामाचं रोबोट मशीन आणलं. ट्रायलसाठी. काही महिने राहणार आणि परत जाणार. रोबोट म्हणजे तुम्ही समजता तसं चालणारं-बोलणारं नव्हे. एक हातमोजा, त्याच्या प्रत्येक बोटावर एक पातळ पट्टी, पट्ट्यांना वायरी, वायरी एका डब्यात. समोर स्क्रीन. आधी ते स्वतःच बोटं उघडतं-मिटतं. मग आपण जरासा जोर लावला, अगदी मुंगीएवढा, तरी त्याला कळतं आणि बाकीचं काम ते करतं. तिथल्या थेरपिस्ट केतकी मॅडम पुण्याच्या, वयानं लहान, चष्मा, फार गोड बोलायच्या. त्यांनी दोन्ही हात तपासले आणि म्हणाल्या, "वनिताताई, डाव्या हातात थोडी जान आहे. आपण डाव्यावर काम करू या."

"डाव्याचं काय लोणचं घालू?" मी म्हटलं. "मी उजवी आहो."

"डाव्या हातानं जेवाल ना तुम्ही."

माझा नवरा शेजारीच होता. तो म्हणाला, "डाव्या हातानं जेवाचं? बरं दिसते का ते?"

मी म्हटलं, "उद्यापासून तुम्ही जेवा डाव्या हातानं अन् मले उजवा कापून द्या." 

एसटीनं जायचो, एसटीनं यायचो. पहिले काही आठवडे स्क्रीनवर चेंडू पकडायचा खेळ. मोजा मिटतो, चेंडू पकडला जातो, मशीन टाळ्या वाजवतं. मला त्या टाळ्यांचाही राग यायचा. मग एका दुपारी केतकी मॅडम शेजारच्या पेशंटकडे गेल्या होत्या, मशीन चालू होतं, आणि माझ्या डाव्या हातानं भलतंच काहीतरी केलं. अंगठा पहिल्या बोटाशी आला, त्याचं टोक दाबलं गेलं... आणि मनगट बाहेर फिरलं. मनगट तर पट्टीवर बांधलेलं होतं! वेलक्रो टर्रकन सुटलं. मग मधलं बोट अंगठ्यावरून सुटून टिचकी. पुन्हा अंगठा, पुन्हा मनगट, पुन्हा टिचकी. टिचकी सरळ माझ्या तोंडाच्या दिशेनं.

मी ओरडले. केतकी मॅडम धावत आल्या, त्यांनी पाहिलं. 'स्पॅझम आहे' म्हणाल्या आणि मशीन बंद केलं. मशीन बंद झाल्यावरही हातानं आणखी एक कळी सोलली.

हो, कळीच. मला दुसरा शब्द वापरायचा नाही. मी आयुष्यात डाव्या हातानं एकही कळी सोललेली नाही. आणि टिचकी तर माझी नव्हेच.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना शाहीनबद्दल सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, हसल्या नाहीत, हे त्यांचं चांगलं. त्यांनी समजावलं की मेंदू बघून बघून शिकतो. कित्येक हंगाम तुम्ही समोरून तो हात पाहिलात, ते आत कुठेतरी साठलं असेल, आता वाट मिळाली तर बाहेर आलं. मला पटलं. खरंच पटलं. पटल्यावर आणखी राग आला. मला घास उचलायचा होता आणि हात कळ्या सोलत होता! ज्या कामानं मला खाल्लं, तेच काम आधी परत आलं.

पुढची पायरी चमच्याची. हात एका लोंबत्या आधारात ठेवायचा, तोही मशीनचाच, कोपर उचलायला मदत करणारा. मोज्यात चमचा. रिकामा चमचा तोंडापर्यंत आला. केतकी मॅडमनी टाळी वाजवली, मी रडले. मग त्यांनी डब्यातली खिचडी चमच्यात घातली. हात उचलला, छातीशी आला, हनुवटीच्या खाली आला... आणि थांबला. तोंडापासून वीतभर. मग हळूच उलटा फिरून खाली गेला.

पुन्हा केलं. पुन्हा वीतभरावर थांबला.

रिकामा चमचा, येतो. कंगवा, केसांपर्यंत जातो. मोबाईल, कानाला लागतो. चमच्यात खिचडी, शिरा, साधी साखरसुद्धा घाला, तोंडाजवळ येऊन परत. केतकी मॅडमनी मशीनचा जोर वाढवला, आधार बदलला, मला खुर्ची बदलून बसवलं. कित्येक दिवस हेच. शेवटी त्या स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "ताई, रागावू नका. मशीन दाखवतंय की ते वर ढकलतंय आणि हात त्याच्याविरुद्ध खाली ओढतोय. तुम्हीच मागे घेताय."

"मी?" मी एवढ्या जोरात ओरडले की पलीकडच्या पडद्यामागचा म्हातारा उठून बसला. "मी मांगं घेऊन राह्यली? अवो, एका घासासाठी मी एसटीत उभी राहून येते!"

त्यांचंही तोंड उतरलं. त्या म्हणाल्या, "लहानपणापासून डाव्या हातानं खायचं नाही असं आपल्या मनावर असतं, त्याचा परिणाम असेल." असेल. पण माझ्या मनावर असलं काही नव्हतं. माझी आई दोन्ही हातांनी आंबा खायची. आणि मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. ट्रायल संपत आली होती. मशीन परत जाणार होतं.

त्या दिवशी एसटीत खिडकीशी बसल्यावर मला आठवलं. बांधावर डबे सोडायचो तेव्हा शाहीन उजव्या हातानं जेवायची. सगळी कामं डाव्या हातानं करणारी बाई, जेवताना तेवढा उजवा. पोळी धड तुटायची नाही, भाजी ओघळायची. मी चिडवायचे. ती एकदा म्हणाली, "अम्मीनं लहानपनी लाटण्यानं हान हान हानलं बे. डावा हात तोंडाकडं गेला का लाटणं. आता तो बिचारा स्वताहूनच जात नाही."

 माझा संताप झाला. म्हणजे मेल्यावरही हिनं मला उपाशीच ठेवायचं ठरवलंय का?

गावात उतरले ती घरी गेलेच नाही. सरळ शाहीनच्या घरी. तिच्या आईला मी खाला म्हणते. खाला ओट्यावर डाळ निवडत बसलेली. अपघातानंतर मी पहिल्यांदाच दारात उभी, आणि ती उठून जवळ यायच्या आतच मी सुरू झाले. "खाला, तुमची पोरगी मले घास खाऊ देऊन नाही राह्यली. तुम्ही तिले हानलं, अन् भोगून मी राह्यली." काय काय बोलले, सगळं आठवत नाही. शेजारी जमा झाले.  खालाला वाटलं असणार, माझ्या डोक्यावर परिणाम झाला. मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि एवढंच विचारलं, "सकाळची गाडी कवा हाय?"

सकाळी ती बुरखा घालून स्टँडवर माझ्या आधी उभी होती. गाडीत तिनं माझंही तिकीट काढलं.

केतकी मॅडमनी मोजा चढवला. मशीन चालू केलं. थोडा वेळ काहीच नाही, उघड-मीट, उघड-मीट. मला वाटलं, आता फजिती. आणि मग अंगठा आला. नख दाबलं, मनगट फिरलं, टिचकी. खाला स्टुलावर बसली होती, ती पुढे झुकली. पुन्हा टिचकी.  खालाला मी टिचकीबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. मग ती मला म्हणाली, "घरी मटर सोलाची तवा माह्या तोंडावर फोलपटं उडवाची."

मग चमचा. खिचडी. हात उचलला, छातीशी आला, वर येऊ लागला... आणि खालाचा हात सटकन सुटला. सवयीनं. मुद्दाम नाही, तिला स्वतःला कळलं नाही. लहान पोराला मारतात तशी चापट, "ए!" म्हणून. पण मी जे बघितलं ते केतकी मॅडमनीही बघितलं, त्यांना विचारा. चापट बसायच्या आधीच माझा हात आखडून मागे झाला. चमचा खाली पडला. खिचडी माझ्या मांडीवर.

खाला आपल्याच हाताकडे बघत बसली. मग तिनं बुरख्यानं डोळे पुसले, खाली वाकून चमचा उचलला, धुऊन आणला, खिचडी घेतली, मोज्यात नीट बसवला. आणि माझ्याशी नाही, त्या मोज्याशी बोलली. "खा ले बेटा. उल्टे हात से खा ले. अब अम्मी नहीं मारती. खा."

हात वर आला. छातीशी. हनुवटीशी. वीतभर राहिलं तिथे थांबला... खाला पुन्हा म्हणाली, "खा न ग माय." आणि चमचा माझ्या तोंडात गेला.

खिचडी थंड होती आणि मीठ कमी होतं. मी सगळा डबा संपवला. खाला प्रत्येक घासाला मान हलवत होती. केतकी मॅडम कोपऱ्यात तोंड फिरवून उभ्या होत्या. परतीच्या एसटीत खाला एवढंच म्हणाली, "बहुत मारा मैंने उसको."

मशीन परत गेलं. पण घास राहिला. घरी मोज्याशिवाय चमचा धरायला वेळ लागला, सांडलं, पण तोंडापाशी हात एकदाही थांबला नाही. आता डाव्या हातानं जेवते, चहाचा कप धरते, ही बोलणी त्याच हाताच्या बोटानं दुरुस्त केलीत. डॉक्टर म्हणाले, रिकव्हरी छान. ऑर्गनायझर एकदा रस्त्यात भेटला आणि म्हणाला, "पाहा, झाल्या न बऱ्या!" त्याला डाव्या हातानं काय दाखवलं ते इथे लिहीत नाही.

हे झालं सगळं. पण मला अजून राग आहे, आणि तो कशाचा ते सांगून संपवते. त्या खिचडीच्या डब्यानंतर माझ्या हातानं एकही कळी सोलली नाही. टिचकी नाही, अंगठा नाही, काही नाही. गेल्या हंगामात मी मुद्दाम शेजाऱ्याच्या कपाशीत गेले. उद्या उमलेल अशी कळी शोधली, डाव्या अंगठ्याचं नख तिच्या बुडाशी लावलं. जमलं नाही. कळी चुरगळली, काडी मोडली. दुसरी घेतली, तीही गेली. माझाच हात होता तो, अडाणी, कमजोर, डावा.

मेंदू बघून शिकतो तर मग विसरला कसा, तेही एका डब्यात? हे मी केतकी मॅडमना फोनवर विचारलं. त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, "ताई, मला नाही माहीत." तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा. 

शाहीन ट्रॉलीतून गेली तेव्हा सांगून गेली नाही. माझ्या हातातून गेली तेव्हाही नाही. त्या शेतात उभी राहून मी तिला मोठमोठ्यानं शिव्या घातल्या, तोंड वर करून, वाट बघत. ओळीच्या पलीकडून काहीही उडून आलं नाही.